चौकटीवरची रेघ

मी एक जुनी सागवानी चौकट आहे. मित्रांनो, दाराचे कौतुक सगळे करतात, कुलूपही दारालाच मिळते. मी नुसती उभी असते. माझ्यातून दिवसभर माणसे जातात-येतात, पण माझ्याकडे बघायला कोणाला सवड नसते. याची मला सवय आहे. तरी वाईट वाटायचे ते वाटतेच.

सुरतेत जुन्या लाकडाच्या बाजारात मी धूळ खात पडले होते. तेथून उखाने मला बमरोलीला आणले. उखा धुळ्याकडून आलेला, लूम खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला. खाडीजवळ त्याने एक खोली बांधली आणि मला दारात उभे केले. त्याच्या बायकोने, सुभद्राबाईने, मला हळद लावली. तिने गावाहून एकच मोलाची वस्तू आणली होती, ती म्हणजे कानबाईचा नारळ. हा नारळ बाजारातला नव्हे. सासूच्या सासूकडून चालत आलेला. श्रावणात त्यालाच नथ घालून देवी म्हणून बसवायचे आणि सण झाला की पुन्हा जपून ठेवायचे.

एका श्रावणात खाडी फुगली. पाणी घरात शिरले. सुभद्राबाईने नारळ पदरात बांधला, लेकराला, योगराजला, कडेवर घेतले आणि माळ्यावर चढली. पाणी ओसरल्यावर उखाने चाकूने माझ्या अंगावर एक आडवी रेघ कोरली. पाणी होते तिथेच, बरोबर. मला दुखले, पण मी जन्मात पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

कानबाईच्या आधी आमच्याकडे घर रंगवतात. दर वर्षी सुभद्राबाई रंगवणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहायची आणि रेघेपुरते लाकूड कोरे ठेवायला लावायची. मग त्या रेघेला हळदीचे बोट लावायची. नारळ कायम रेघेहून उंच असलेल्या फळीवर. तो खाली ठेवायची कोणाची छाती नव्हती.

उखा गेला. योगराज मोठा झाला, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात सुपरवायझर झाला. घरात टाइल्स आल्या, धनश्री सून म्हणून आली, त्यांची चंचल शाळेत जाऊ लागली. सुभद्राबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग यंदा कानबाईच्या तोंडावर योगराजने ऑइलपेंट आणला. त्याने माझ्या रेघेत पुट्टी भरली, घासली आणि वरून बदामी रंग मारला. मी आरशासारखी गुळगुळीत झाले. शेजारी म्हणाले, नवीच दिसते! इतक्या वर्षांत माझी झालेली ही पहिली स्तुती.

नारळासाठी त्याने काचेचे देवघर आणले आणि ते खाली, टीव्हीशेजारी बसवले.

सुभद्राबाई चाचपडत माझ्याजवळ आली. तिचे बोट वर-खाली फिरले. रेघ सापडेना.

"हाई रेघ तुना बापनी पाडेल शे," ती म्हणाली. "इतलं पानी घरमा व्हतं. नारय वर ठेव, भाऊ."

"माय, ते जुनं व्हई गयं. आते खाडीले भीत बांधेल शे."

"पप्पा, आमच्या टीचर पण म्हणतात, इतिहास सगळ्यांनी वाचायला पाहिजे," चंचल मध्येच बोलली.

"इतिहास वाचीसन काय पगार वाढस?" योगराज हसला. धनश्रीही हसली. मग चंचलही हसली.

म्हातारी हसली नाही. मीही नाही.

कानबाईच्या आदल्या आठवड्यात पावसाने ठाण मांडले. खाडीची भिंत जागच्या जागी उभी होती, पाणी गटारातून उलटे वर आले. भरदुपारी घर भरले. योगराजने आईला पाठीवर घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेले. त्याचे काही चुकले, असे मी म्हणणार नाही, त्याने माणसे वाचवली. पण देवघराची काच फुटली. नारळ एकदा माझ्या अंगाला घासून गेला आणि दाराबाहेर पडला. मला हात असते तर?

पाणी उतरल्यावर योगराज गुडघाभर चिखलात, खाडीच्या काठाने, भेस्तानच्या वाटेपर्यंत नारळ शोधत फिरला. रिकाम्या हातांनी परतला. रविवारी, सणाच्या दिवशी, बाजारातला नवा नारळ बसवला. नथ तीच होती.

सुभद्राबाईने तो दोन्ही हातांनी चाचपला. "हाई मनी कानबाई नही," एवढेच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी घरात गाणी झाली नाहीत.

मित्रांनो, सगळ्यांनी पंडित व्हावे असे मी म्हणत नाही. राजांच्या सनावळ्या विसरलात तरी चालेल. पण आपल्या आधी इथे कोण राहिले, त्यांच्यावर काय गुदरले, एवढे विचारण्याची गोडी प्रत्येकाला हवी. घर खुशाल रंगवा. रंगवण्याआधी एकदा हात फिरवून बघा.

पाण्याने जाताना माझ्या नव्या रंगावर चिखलाची एक रेघ सोडली होती. उखाची रेघ जिथे होती, थेट तिथेच. पाहुणे येणार म्हणून धनश्रीने सणाच्या सकाळीच ती साबणाने पुसून टाकली. संध्याकाळी चंचलने विचारले, "पप्पा, आपल्या घरात पाणी कुठपर्यंत होतं?"

योगराजने कमरेशी हात धरला. धनश्री म्हणाली, छे, मांडीपर्यंतच होते. दोघे वाद घालत राहिले. घरातला चिखलाचा वास अजून गेला नव्हता.