पाच घरची लोकर

उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही. जिथं जिथं टाका होता तिथं ती वाकलेली राहते. धागा दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला की त्यावर बारीक लाटा दिसतात. दोन सुयांवर विणलेल्या स्वेटरची लाट एकसारखी असते. क्रोशाच्या सुईची लाट मात्र मध्येच अडखळते, कुठं आखूड, कुठं लांब. ज्योत्स्नाला हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी जुनी स्वेटरं उसवून झाल्यावर ते आपसूक नजरेत बसलं होतं.

"बघत काय बसली?" दुर्गाबाई म्हणाल्या. "गुंडा कर जल्दी. सोमवार थांबून राह्यला का तुझ्यासाठी?"

सासू-सून अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. हंगाम ऐन भरात होता. दोरीवरच्या कपड्यांवर कारखान्याच्या चिमणीची काजळी बसत होती, आणि दर थोड्या वेळानं दुर्गाबाई उठून चादर झटकत होत्या. ज्योत्स्ना कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. उसाच्या रसात साखर किती ते मोजायचं, हे तिचं काम. सकाळची पाळी करून ती आली, तेव्हा सासूबाई घनसावंगीहून आलेल्याच होत्या. खांद्यावरची पिशवी अजून उतरवलेली नव्हती. पिशवीत लोकर होती. शाळेच्या गणवेशाची तांबडी, एक बाटलीसारखी हिरवी, मळकी पांढरी, गुलाबी, आणि तळाशी एक राखाडी.

ज्योत्स्ना लोकरीची छोटी जनावरं करायची. अंबडच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग घेऊन एक बाई बसते, तिच्याकडून फाटकी स्वेटरं आणायची, उसवायची, ऊन पाण्यात भिजवून लडी करून टांगायची, आणि मग क्रोशानं ससे, हत्ती, वासरं विणून पोटात कापूस भरायचा. झालेली जनावरं अंगणवाडीत जायची. घरात ती एकही ठेवत नसे. पहिला ससा पाहून दुर्गाबाई म्हणाल्या होत्या, "डुक्कर लई चांगलं जमलं." तेव्हापासून प्रत्येक जनावराला त्या डुक्करच म्हणायच्या.

पण आजची लोकर बाजारातली नव्हती.

"पाच घरची हाय," दुर्गाबाईंनी सांगितलं होतं. "पाची घरं लेकुरवाळी. एका घरी बी लेकरू गेलेलं न्हाई. गिरिजानं बराबर विचारून विचारून गोळा केली." गिरिजाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, घनसावंगीला राहणारी. "तुझ्या सासऱ्याच्या आधीची लेकरं जगत नव्हती. मंग माझ्या सासूनं पाच घरी पदर पसरून चिंध्या मागितल्या, त्याचं टोपडं शिवलं. नाव ठेवलं कडूबा. कडू म्हणल्यावर कोण तोंड लावतंय? जगला का न्हाई? चांगला म्हातारा होऊन मेला, आन् जाईस्तोवर मला चहात साखर कमी हाय म्हणत राह्यला."

ज्योत्स्ना हसली होती. हसू येणारच होतं. दुर्गाबाई पुढं म्हणाल्या, "टोपडं तू शिवायची न्हाईस, मला माहिती. तुझं ते डुक्कर कर. पाची रंगाचं. सोमवारी दवाखान्यात जाताना पिशवीत असू दे. डॉक्टरला कशाला सांगायचं?"

"लेकरू यायच्या आधी काही विणू नये म्हणता ना तुम्ही?"

"आपल्या लोकरीचं विणू नये. मागून आणलेलं आपलं नसतंच, त्याला दृष्ट कशाची लागती?"

दिवस राहावेत म्हणून सोमवारी छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात जायचं होतं. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा भुलीचं टेबल, पुन्हा फोनची वाट बघणं. याआधी दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा फोनवरची मुलगी हळू आवाजात 'सॉरी मॅडम' म्हणाली होती. गेलं वर्षभर ज्योत्स्नाच्या मनात एकच वाक्य होतं. मला आता हे नको. भाजी चिरताना, पाळीवर जाताना, रात्री नवऱ्याच्या, कल्याणच्या शेजारी पडल्यावर ते वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि माघारी जायचं. कारण कल्याण रिपोर्टांची फाइल नव्या कव्हरात घालून ठेवायचा. कारण सासूबाई, ज्यांना साधं कुणाकडं विरजण मागायला लाज वाटायची, त्या तिच्यासाठी बहिणीच्या मागं पाच दारं फिरल्या होत्या.

तिनं राखाडी धागा बोटाभोवती गुंडाळायला घेतला. लाट बारीक होती, आणि अडखळत होती. क्रोशाचं काम. या भागात स्वेटरं सुयांवर विणतात, नाहीतर तयार आणतात. क्रोशानं स्वेटर कोण करतं?

धागा पुढं सरकत गेला आणि राखाडी संपून पिवळा झाला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा.

तिची बोटं थांबली. ती जोडावर थांबली होती, पण जोड बोटाला लागला नव्हता. तिथं गाठ नव्हती. जुन्या स्वेटरात रंग बदलतो तिथं गाठ असतेच. इथं एका धाग्याचं टोक सुईनं त्याच्याच पिळात माघारी ओवलं होतं, दुसऱ्याचं टोक त्या फासात अडकवून तसंच माघारी घेतलं होतं. दोन बोटांत दाबलं तर धागा तिथं जरासा जाड वाटत होता, इतकंच.

पुढचा जोड पिवळ्यातून राखाडीत. तोही तसाच. त्याच्या पुढचाही.

हा जोड तिनं स्वतः शोधून काढला होता. पोटात लेकरू असताना, सहाव्या महिन्यात, याच ओट्यावर बसून. गाठ तान्ह्या अंगाला टोचेल म्हणून. कल्याणच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची उरलेली राखाडी लोकर आणि तिच्या जुन्या मफलरची पिवळी, दोन्ही पुरणार नव्हत्या, म्हणून त्या छोट्या स्वेटरला पट्टे घातले होते. तेव्हा दुर्गाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आत्ताच कशाला, पोरी?" आणि ती हसून म्हणाली होती, "आत्याबाई, लोकरीचा आणि लेकराचा काही संबंध नसतो."

सातव्या महिन्यात मुलगी झाली. काचेच्या पेटीत काही दिवस राहिली आणि गेली. ज्योत्स्ना तेव्हा दवाखान्यातच होती. कल्याण आणि दुर्गाबाईंनी मुलीला गावाकडं नेऊन शेताच्या बांधाला पुरलं. ते परत आल्यावर ज्योत्स्नानं एकच प्रश्न विचारला होता, आणि कल्याणनं खिडकीकडं बघत उत्तर दिलं होतं, "हो. अंगात स्वेटर घातलं होतं."

त्या एका उत्तरावर तिनं मधली सगळी वर्षं काढली होती. डिसेंबर आला, पहाटे दात वाजायला लागले, की ती मनाशी म्हणायची, तिच्या अंगात स्वेटर आहे. हे शास्त्राला धरून नाही, हे तिला कळत होतं. मातीखाली काय होतं तेही तिला कळत होतं. तरी म्हणायची.

"आत्याबाई, ही राखाडी कुणाच्या घरची?"

"संपतच्या. गिरिजाच्या लेकाच्या. तीन पोरं हायत, घोड्यावानी. तिघांच्या बी अंगात तेच स्वेटर, एकामागून एक. गिरिजा म्हणली, ह्या लोकरीत लई गुण हाय."

"त्यांच्याकडं कुठून आलं?"

चादर झटकायला उठलेल्या दुर्गाबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांची नजर सुनेच्या मांडीवर गेली. तिथं अर्धा गुंडा होता, एक पट्टा राखाडी, एक पिवळा. लोकर उसवून आलेली, त्यांनी पिशवीत वरवर बघितलेली. पिवळा रंग आत दबलेला होता. आता तो उन्हात होता.

त्या खाली बसल्या.

"ही माझी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. आवाज वाढला नव्हता. "माझे जोड आहेत हे."

दुर्गाबाईंनी पिवळ्या पट्ट्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी गिरिजाला म्हणलं व्हतं, कुणाला बी दे, पर मला सांगू नको कुणाला दिलं. तिनं बराबर ऐकलं माझं. सांगितलंच न्हाई."

"तिच्या अंगात होतं म्हणून सांगितलं मला."

"घातलं व्हतं. मीच घातलं. मंग काढलं." त्यांनी हात पुढं केले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. "एवढं बारीक काम. तुझ्या हातचं. मातीत घालायला माझा हात झाला न्हाई, ज्योती. कल्याण खड्ड्यापाशी उभा व्हता पाठ करून. त्याला काय माहिती? त्याला वाटलं, हाय अंगात."

"मग तिच्या अंगावर काय होतं?"

"माझा पदर. नेसले व्हते त्याचाच फाडला. जुनं लुगडं व्हतं, मऊ. चांगलं दोनदा गुंडाळलं, पाय सुद्धा झाकले."

ओट्यासमोरून उसाची बैलगाडी गेली. गाडीवरच्या बाईनं ओळखीनं हात केला. दोघींपैकी कुणीच हात केला नाही.

ज्योत्स्नाला राग यायला हवा होता. ती त्याची वाट बघत होती. पण डोळ्यांसमोर फक्त ते पाय येत होते. काचेतून पाहिलेले, तिच्या अंगठ्याएवढे. ते कुणीतरी झाकले होते. तिनं इतक्या वर्षांत पायांचा विचारच केला नव्हता. स्वेटर कमरेपर्यंतच होतं.

मग तिनं दुसरी गोष्ट विचारली, जी स्वेटरापेक्षाही जुनी वाटत होती. "तुम्हाला वाटतं ना, मी आधी विणलं म्हणून झालं?"

"मी कधी म्हणले का?"

"नाही म्हणालात. म्हणून तर विचारते. रोज वाटायचं, आज म्हणतील."

प्रयोगशाळेत एका नमुन्यावर ती कधी भरवसा ठेवत नसे. एकाच नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे ती नव्या पोरांना सांगायची. स्वतःपुरतं मात्र तिनं एकाच नमुन्यावर निकाल देऊन टाकला होता, आणि शिक्षा म्हणून की काय, घरात एकही जनावर राहू देत नव्हती.

"तुला काय म्हणू?" दुर्गाबाई म्हणाल्या. "मी सोत्ताला म्हणून राह्यले. त्या दिवशी दारात उभी व्हते तशी आत येऊन तुझ्या हातातली सुई काढून घ्याया पायजे व्हती. तू हसली, आन् मी बी हसले. तुझं हसणं बघून मला बरं वाटलं."

एवढं बोलून त्यांनी तोंडावर पदर घेतला. खांदे हलत होते. पण त्या तशा फार वेळ बसल्या नाहीत. त्यांच्या घाईला रडण्यातही उसंत नसायची. पदरानं तोंड पुसून त्यांनी पुढं वाकून तो अर्धा गुंडा सुनेच्या मांडीवरून उचलला.

"ही चालायची न्हाई. ही आपलीच निघाली, मागून आणलेली कुठं राह्यली? चारच घरं झाली." त्या पायात चप्पल शोधायला लागल्या. "अजून उजेड हाय. मी जीपनं जाते घनसावंगीला, एक घर माझ्या ध्यानात हाय, चार लेकरं हायत त्यांची. राती गिरिजाकडं राहते, सकाळच्याला येते. उद्याच्या दिवसात होईल ना तुझं डुक्कर? नसंल होत तर डोकं डोकं कर नुसतं, शेपटी राहू दे."

ज्योत्स्ना त्यांच्याकडं बघत राहिली. एक चप्पल पायात होती, दुसरी ओट्याखाली गेली होती, आणि ती म्हातारी बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकून तिला पायानं ओढत होती. गाल अजून ओले होते. ही सहाव्या दारी जाईल. तिथं जमलं नाही तर सातव्या. पुढच्या हंगामात पुन्हा. आणि ती लहान मुलगी, जिला बांधाला ठेवून आले, तिच्यासाठी या घरात तिघं जण एकत्र बसून एकदाही रडले नव्हते. परत आल्या आल्या पुढच्या डॉक्टरचं नाव निघालं होतं. मुलीला नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात कल्याण आला. वजनकाट्यावरची पाळी सुटली होती. केसांवर उसाची धूळ, हातात दुधाची पिशवी. "माय, तू आली का? आन् निघाली कुठं, आली न्हाई तोच?" मग बायकोकडं वळून म्हणाला, "गाडी सांगून आलो. सोमवारी पहाटे निघू, म्हणजे पहिला नंबर लागेल. फाइल मी बॅगेत..."

तो थांबला. आईच्या हातात पट्ट्यापट्ट्यांचा गुंडा होता. त्यानं तो ओळखला की नाही ते कळलं नाही, पण दोघींचे चेहरे त्यानं ओळखले.

"काय झालं?"

"काही न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "लोकर कमी पडली. मी घेऊन येते. तू मला जीपपर्यंत सोड."

"आत्याबाई, बसा," ज्योत्स्ना म्हणाली.

"अगं, जीप जाईल..."

"जाऊ द्या. बसा. कल्याण, तूही बस."

कल्याण दुधाची पिशवी तशीच हातात धरून पायरीवर बसला. दुर्गाबाई एका पायात चप्पल घातलेल्या, भिंतीला टेकल्या. ज्योत्स्नानं तो गुंडा सासूच्या हातातून परत आपल्या मांडीवर घेतला.

"सोमवारी मी येणार नाही. नंतरही नाही. मला आता दुसरं लेकरू नको."