जाड ऑइल

सासऱ्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या माथ्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वर केलेल्या बॉनेटखाली इंजिन जागच्या जागी थरथरत होतं. सून ऑइलचा डबा पोटाशी धरून शेजारी उभी होती. तो खाली ठेवावा हेही तिला सुचलं नव्हतं.

"टॅपेटच," सासरे म्हणाले. "टकटक. दुसरं काही नाही. बंद कर."

केबिनमध्ये बसलेल्या तिच्या नवऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं.

पिकअप सुनेच्या आधी या घरात आलेली होती आणि तिचे लाडही सुनेपेक्षा कांकणभर जास्तच झाले होते. आज तिच्या पाठीवर शाळेची लोखंडी बाकं रचून दोरखंडाने आवळलेली होती. घाट चढून वरच्या गावातल्या शाळेत ती पोचवायची होती. हेडमास्तरांचे सकाळपासून फोन चालू होते. ऑइल बदललं की नवरा निघणार होता.

गॅरेजच्या तोंडाशी असलेला ऑइलचा काउंटर सून सांभाळायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला गोडं तेल आणि खोबरेल एवढीच तेलं माहीत होती. पुढचं सगळं सासऱ्यांनी शिकवलं. चांगल्या इंजिनाला पंधरा-चाळीस, म्हणजे जरा पातळ. गाडी म्हातारी झाली, वरचे टॅपेट वाजायला लागले की वीस-पन्नास, म्हणजे जाड. जाड ऑइल झिजलेल्या फटीत बसतं आणि आवाज दाबतं. पण आवाज कुठला आहे ते आधी कळायला हवं. वरून हलका येतो तो टकटक. त्याला जाड ऑइल पाजा आणि खुशाल गाडी हाका. खालून, ऑइल साठतं त्या चेंबरमधून, लोहाराने घण घातल्यासारखा येतो तो ठकठक. ते बेअरिंग. त्याला कुठलंच ऑइल चालत नाही. ती गाडी जागची हलवायची नाही, कारण चढावर इंजिन जाम झालं तर ब्रेकसुद्धा दगडासारखा होतो, दबत नाही, आणि भरलेली गाडी मागे येते. हे सांगताना सासऱ्यांचा आवाज खाली यायचा. तशी एक गाडी त्यांनी दरीतून वर काढलेली होती.

काल गोदामातून बाकं भरून येताना सून नवऱ्याशेजारी बसली होती. शेवटच्या चढाला तिला पायांखाली ठोके जाणवले. नवऱ्याने रेडिओ लावलेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, बाकं हलतायत. घरी येताच तिने सासऱ्यांना सांगितलं, बाबा, ठकठक येतंय. सासऱ्यांनी तिच्या तोंडाकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले, मग वीस-पन्नास टाकू, गप्प बसेल. ती चक्रावली. पण सासरे गावाचे मिस्त्री, आणि मिस्त्रींचा कान म्हणजे गावातला शेवटचा शब्द. लांबलांबून लोक त्या कानासाठी गाड्या आणायचे. आपण कोण टिकोजीराव, असं म्हणून तिने पोळ्या लाटायला घेतल्या. रात्रभर मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

नवरा खाली उतरला, हातात पाना घेऊन गाडीखाली सरकायला वाकला. चेंबरखालचा नट सैल केला की जुनं ऑइल सुटणार आणि मग ही गोष्ट हातची जाणार, असं तिला वाटलं.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही वरच ऐकलंत. खाली लावून बघा ना. मला ठकठक वाटतंय."

"तेच तर मी म्हणतोय," सासरे म्हणाले. "टकटक."

"ठकठक, बाबा."

"हो गं बाई. टकटक. किती वेळा तेच सांगशील?"

नवरा वैतागला. बाबांना इंजिन शिकवणार का तू आता, असं काहीबाही बोलला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सासऱ्यांचे डोळे बघत होती. ते तिच्या ओठांवर होते. कालही तिथेच होते. आणि मग गेल्या वर्षभरातलं एकेक तिच्या डोक्यात जागेवर बसायला लागलं. गिऱ्हाइकाला ते हल्ली म्हणायचे, आवाज कसा येतो तो तोंडाने काढून दाखव. लोक हसत हसत खळखळ, फुरफुर करून दाखवायचे आणि मिस्त्री समोर उभं राहून निरखून बघायचे. सगळ्यांना ती त्यांची लकब वाटायची. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, घरातल्या विनोदाला सगळ्यांच्या नंतर येणारं हसू, पाठीमागून मारलेली हाक वाया जाणं. तिने मनाशीच ओठ हलवून पाहिले. ट म्हणताना आणि ठ म्हणताना ओठ अगदी सारखेच हलत होते.

आता ओरडून सांगावं, तर नवऱ्यासमोर या माणसाची आयुष्यभराची अब्रू जाणार. न सांगावं, तर नवरा घाट चढणार.

"नवा फिल्टर आणलाच नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "आत डावीकडच्या फळीवर आहे."

फिल्टर उजवीकडच्या फळीवर होता. नवरा पुटपुटत आत गेला.

सासरे स्क्रू-ड्रायव्हर फडक्याला पुसत होते. तिने त्यांच्या दंडाला हात लावला. मडगार्डवर कालच्या रस्त्याची धूळ जाड बसली होती. तिने बोटाने धुळीत ट काढला, त्यांच्याकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. मग पुन्हा बोट टेकवलं, ट चं उघडं टोक हळूच वर वळवलं आणि गोल बंद करून टाकला.

सासरे त्या ठ कडे बघत राहिले. फडक्यातला हात थांबला होता. तिला त्यांची दया आली आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. वाकून स्क्रू-ड्रायव्हर थंड पडत चाललेल्या चेंबरला लावला, कानाशी नेला, आणि इंजिन बंदच आहे हे लक्षात आल्यावर तसाच काढून घेतला.

नवरा फिल्टर घेऊन बाहेर आला तेव्हा सासरे दोरखंडाची गाठ सोडत होते.

"बाकं उतरव," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय. हेडमास्तरांना सांग, दुसरी गाडी बघतो."

"आत्ता तर टॅपेट म्हणालात."

सासरे गाठीशी झटत राहिले. सून मध्ये पडली. माझंच चुकलं, ती भरभर म्हणाली, काल मीच टकटक सांगितलं बाबांना, म्हणून घोटाळा झाला. नवऱ्याने फिल्टर बॅटरीवर आपटला आणि तिची चांगलीच हजेरी घेतली. ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालायचं कशाला, आज मी घाटात असतो म्हणजे, वगैरे. ती खाली मान घालून उभी राहिली. बोलणी बसली तरी चालेल, गाडी जात नाही ना, एवढंच तिच्या मनात होतं.

सासऱ्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण मुलाचं हातवारे करणं आणि सुनेची खाली गेलेली मान त्यांना दिसत होती. ते दोरखंड सोडून पुढे आले.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "तिनं ठकठकच सांगितलं होतं. कालही आणि आजही. मला टकटक ऐकू आलं."

नवरा बघतच राहिला. मग तो दोघांकडे पाठ करून बॉनेटखाली वाकला, जणू काही तिथे शोधायचं होतं, आणि तिथूनच विचारलं,

"कधीपासून?"

सासरे दुसरीकडेच बघत होते. सुनेने डबा खाली ठेवला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना दिसेल अशा बेताने, सावकाश म्हणाली,

"बाबा, ते विचारतायत, कधीपासून."

सासऱ्यांनी मुलाच्या पाठीकडे पाहिलं.

"इंजिनाचं विचारतोय," ते म्हणाले, "का माझं?"