साल्वूचा निळा

फेब्रुवारीत गावाबाहेरची, शोभेच्या दारूचे गोळे बनवायची खोली स्फोटात उडाली आणि साल्वू तिच्याबरोबर गेला. त्याला मूठमाती देताना संत रोक्कूच्या मंडळाने आकाशात बार उडवून सलामी दिली. माल्टात आतषबाजीवाल्याला असाच निरोप देतात. गाव रडलं. त्याच्या बायकोला, चेत्ताला मात्र त्या लोकांच्या अकलेची कीव आली.

मग तिच्या कानावर आलं, की नव्या खोलीत साल्वूच्या जागी तिचा वेन्झू बसणार. पंचविशीचा, एकुलता एक! ती तडक मंडळात घुसली आणि चर्चमधून आलेल्या सगळ्या गर्दीसमोर अध्यक्ष कारमनूवर तिने अशी आगपाखड केली, की लोक हातातली कॉफी प्यायचं विसरले.

"नवरा खाल्लात, आता पोरगा हवाय? तुझे दोन घोडे घरी लोळतायत ना, त्यांना बसव की!"

"चेत्ता, अगं, संतासाठी करतो आपण…"

"संताला हात जोडायचे असतात, मेल्या. तोडून द्यायचे नसतात!"

कारमनू वरमला. वेन्झूला मंडळाचं दार बंद झालं. त्याने आईशी बोलणं टाकलं, तेही तिने गोड मानून घेतलं. रुसलेला का होईना, पोरगा धडधाकट होता.

ऑगस्टमध्ये शेजारच्या गावाची जत्रा आली. त्यांचा संत वेगळा, मंडळ वेगळं, आणि दोन्ही गावांमध्ये पिढ्यान्पिढ्या विस्तव जात नाही. चेत्ता वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तर पलीकडे पहिला गोळा फुटला. तांबडा. मग हिरवा. मग निळा.

तिच्या हातातली चादर गळाली. बाकीच्यांचा निळा धुरकट निघतो. असा गडद, आकाशात रेंगाळणारा निळा एकटा साल्वू काढायचा, आणि त्याने तो फक्त पोराला शिकवला होता. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी "फितूर!" म्हणून ओरडलं आणि गल्लीतल्या खिडक्या धाडधाड बंद झाल्या.

इथे निदान बापाचे जुने सोबती त्याच्यावर नजर ठेवून असते. तिनेच त्याला परक्यांत हाकललं होतं.

वेन्झू घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला बापाच्या अंगाचा वास येत होता. इतक्या महिन्यांनी तो पहिल्यांदा बोलला.

"मा, निळा बघितलास? पप्पासारखा झाला ना?"

चेत्ताची सगळी आग मंडळातच ओकून झाली होती.

"झाला," ती म्हणाली. "अगदी त्याच्यासारखा."

आणि त्याचे हात दिव्याखाली धरून ती एकेक बोट चाचपत राहिली.