पहिलं बरं, की दुसरं?

नवा गेमिंग पीसी घ्यायचा की नाही, याचा विचार नंबरवाल्याने इतका मन लावून केला होता, की तेवढ्या वेळात एखाद्याने लग्न ठरवून, करून, वर पस्तावूनही घेतलं असतं.

हे यंत्र म्हणजे काय, तर दोन्ही हातांत धरून खेळायचा कॉम्प्युटर. मध्ये स्क्रीन, दोन्ही कडांना बटणं. त्याच्याकडे जुनं मॉडेल होतं आणि ते ठणठणीत चालत होतं. पण कंपनीने त्याच नावापुढे 'प्लस' लावून नवं बाजारात आणलं, आणि त्या दिवसापासून जुन्याला एकेक दुखणं सुरू झालं. कंपन्यांना एवढं मात्र छान जमतं.

नंबरवाला हे अर्थात त्याचं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून तो लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा, म्हणून सगळा रस्ता त्याला नंबरवाला म्हणायचा. पुढे फ्रेमच्या काउंटरवर त्याची बायको. त्याला स्वतःला चष्मा नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. समोरच्या गच्चीवर कोणाचे कपडे वाळतायत हे तो दुकानाच्या दारातून ओळखून दाखवायचा. कोणी विचारलेलं नसायचं, तरी.

गिऱ्हाईक जरा वयाचं असलं आणि छापील कागद लांब धरून वाचायला लागलं, की याचं ठरलेलं वाक्य बाहेर पडायचं, "साहेब, हात आखूड पडायला लागले म्हणजे चाळिशी लागली. लाजायचं काय त्यात?" मग साहेब लाजत लाजत चष्मा घेऊन जायचे. चाळिशी ही गिऱ्हाइकांना लागते, अशी त्याची समजूत होती. स्वतःची चाळिशी त्याने कधीच मागे टाकली होती, पण ती आपली वयातली. डोळ्यांतली चाळिशी त्याच्या वाटेला जाईल कशाला?

नंबर काढताना त्याची एक खोडी होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती गोल खाचांची धातूची फ्रेम चढवायची, खाचेत एक भिंग सरकवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" हे सगळेच करतात. पण हा मध्येच भिंग काढायचा, खट् असा आवाज करायचा आणि तेच भिंग परत घालायचा. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगायचं, "दुसरं. खूपच बरं." घरी जेवताना हे किस्से रंगवून सांगायचे आणि बायकोला, लेकीला हसवायचं, हा त्याचा आवडता उद्योग. "लोकांना दुसरं म्हटलं की बरंच वाटतं," असं म्हणून तो स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचा.

तर आता जुन्या यंत्राची दुखणी. एक, ते जड होतं. हात लांब करून खेळलं की खांदे भरून यायचे. नवं हलकं आहे म्हणे. दोन, उजेड कमी. दिवा लावून, त्याच्या खाली बसून खेळावं लागायचं. नव्याची स्क्रीन लखलखीत आहे म्हणे. तीन, अक्षरं फुटायची. आणि चार, त्याच्या योद्ध्याच्या डोक्यावर सतत एक करडा पट्टा तरंगायचा. हे चौथं दुखणं त्याने इंटरनेटवरच्या एका गटात मांडलं. तिथल्या अनोळखी तज्ज्ञांनी स्क्रीनचं तोंडही न बघता एकमुखाने निदान केलं, की स्क्रीन गेली, नवं घे. इतकं एकमत त्याने सख्ख्या नातेवाइकांत कधी पाहिलं नव्हतं.

"पण त्याच्यात नवीन काय आहे?" बायकोने विचारलं.

"रॅम जास्त आहे."

"आपल्याला लागते?"

"लागत नाही. असलेली बरी."

"तशी मग चार खोल्यांची जागाही असलेली बरी," असं म्हणून बायको फ्रेमा पुसायला लागली. तिने पुढे वाद घातला नाही. ती वाद घालत नाही तेव्हा घाबरायला हवं, हे इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्याला नवं यंत्र का हवं होतं, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. कारण होतं लेक. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बाप-लेक एक लढाईचा खेळ खेळायचे. ती तिच्या खोलीत कॉम्प्युटरवर, हा बाहेर सोफ्यावर, मधलं दार उघडं. ती टोळीची म्होरकी, धनुष्यवाली. हा तिचा ढालवाला योद्धा. ती फ्रॉकात होती तेव्हापासूनचा हा खेळ, आणि आता फक्त शेवटचा किल्ला राहिला होता. सुट्ट्या संपल्या की ती शिकायला दूर जाणार होती.

आणि नेमका हल्ली हा पटापट मरायचा. बाण कुठून यायचे, कळायचंच नाही. त्यात लेक सारखी त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहायची, वाट अडवायची. "पुढे पुढे करू नकोस गं," तो ओरडायचा. ती जागची हलायची नाही. मग एकदा ती मैत्रिणीशी फोनवर बोलताना त्याने जाता जाता ऐकलं, "नाही गं, बाबाला घेऊन शेवटचा किल्ला नाही जमणार."

म्हणजे ही आता त्या मैत्रिणीबरोबर किल्ला घेणार, आणि आपण सोफ्यावर. तिला विचारायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मात्र नव्या यंत्राचे व्हिडिओ त्याने झपाटल्यासारखे पाहिले. बाप कामातून गेलाय असं मानण्यापेक्षा स्क्रीन कामातून गेलीय असं मानणं केव्हाही सोपं.

त्याच रांगेत दोन दुकानं सोडून मोबाइलवाला होता. गेल्या वर्षी नंबरवाल्यानेच त्याला ते ठरलेलं वाक्य ऐकवून चाळिशी विकली होती, त्यामुळे तो वचपा काढायच्या तयारीतच होता. "डॉक्टर, विचार कसला करताय? फरक डोळ्यांनी बघा." 'डॉक्टर' म्हटलं की नंबरवाला हरभऱ्याच्या झाडावर चढतो, हे त्यालाही ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारपुरतं त्याने दुकानातलं दाखवायचं नवं यंत्र देऊन टाकलं. संध्याकाळी येतो म्हणाला, एक तर यंत्र परत घ्यायला, नाहीतर बिल करायला.

दुकानाचं शटर अर्धं ओढून बायको कपाटं आवरत होती. नंबरवाल्याने दोन्ही यंत्रांवर खेळाचं पहिलं पान उघडलं, मागच्या खोलीत शेजारी शेजारी मांडलं आणि तिला हाक मारली.

"बघ, बघ फरक. आंधळ्यालाही कळेल."

बायकोने आधी यंत्रांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बसा त्या खुर्चीत," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाच्या?"

"गिऱ्हाईकच आहात ना आज? बसा."

तो बसला. तिने दिवा मालवला, पाठ फिरवली, आणि वळून एक यंत्र त्याच्यासमोर धरलं. कडा बोटांनी झाकलेल्या, उरला फक्त स्क्रीनचा उजेड. "हे पहिलं." पुन्हा पाठ, पुन्हा खुडबुड. "आणि हे दुसरं. पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं," तो लगेच म्हणाला. "प्रश्नच नाही. काळा रंग बघ किती काळा आहे. अक्षरं बघ, नुसती कोरल्यासारखी."

"नक्की?"

"माझा धंदा आहे हा."

बायकोने दिवा लावला. तिच्या हातात जुनं यंत्र होतं. नवं मागे टेबलावर होतं तसंच पडलं होतं.

"दोन्ही वेळा जुनंच होतं," ती म्हणाली. आवाजात विजय वगैरे काही नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

नंबरवाल्याचा चेहरा पडला. मग त्याने नेहमीप्रमाणे तो उचलायचा प्रयत्न केला. "अंधार होता. आणि तू हलवत होतीस."

"अहो, वर्ष झालं, चष्म्यांचे बारीक स्क्रू मी बसवतेय. का, ते विचारलंत कधी?"

"स्क्रूच वाईट येतात हल्ली. कारखान्यांना काही पडलेली नाही."

"हो, कारखानेच," बायको म्हणाली आणि तिने ती गोल खाचांची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. तो नको नको म्हणेपर्यंत दोन्ही खाचांत भिंगं बसली. इतकी वर्षं पडद्याआडून तिने हे काम पाहिलेलं होतं, शिवाय स्वतःच्या नवऱ्याचं वय तिला पाठ होतं. जुनं यंत्र तिने त्याच्या हातात ठेवलं. "आता हात आखडा. आणखी. माणसासारखं जवळ धरा. दिसतंय?"

दिसत होतं. भलतंच दिसत होतं. बटणांवर अक्षरं कोरलेली आहेत, हे त्याला आज कळलं.

बायकोने घरी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "कॉम्प्युटर लाव, खेळायला ये," ती लेकीला म्हणाली. "बाबाला खुर्चीत बसवलंय."

लेक म्हणाली, "खरंच? आलेच."

मैदान उघडलं. मध्ये त्याचा योद्धा ढाल घेऊन उभा. आणि डोक्यावरचा तो करडा पट्टा, ज्याच्या दुखण्यावर जगभर खल झाला होता, तो पट्टा नव्हताच. ती अक्षरं होती. टोळीच्या म्होरक्याला साथीदारांच्या डोक्यावर हवी ती पाटी लावता यायची, आणि म्होरकीने पाटी लावली होती, 'बाबा, चष्मा लाव.'

त्याने दोनदा वाचलं. "हे कधीपासून आहे?"

"थंडीपासून," लेक म्हणाली.

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं की. तू म्हणालास, स्क्रीन बदलायला झालीय."

हे मात्र तो म्हणाला होता. विषय बदलावा म्हणून त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक बारीकसा लाल बाण लुकलुकत होता. "हा बाण नवीन टाकलाय का त्यांनी?"

"बाबा, तो पहिल्यापासून आहे. शत्रू कुठून येतोय ते दाखवतो. तुला तो दिसत नाही हे कळलं, तेव्हापासून मी तुझ्या डावीकडे उभी राहते. बहुतेक तिकडूनच येतात ना."

पुढे पुढे करू नकोस म्हणून तो तिच्यावर किती वेळा खेकसला होता, ते सगळं एकदम आठवलं आणि त्याला लाज वाटली. खरीखुरी, कान गरम होण्याइतकी.

"मग मैत्रिणीला का म्हणालीस, बाबाला घेऊन किल्ला नाही जमणार?" शेवटी त्याने विचारलंच.

"ती मला तिच्या टोळीत बोलवत होती. मी म्हटलं, बाबाला घेऊन नाही जमणार इतक्यात, त्याला चष्मा लागू दे, मग आम्ही जाऊ. तू पुढचं ऐकलंच नाहीस?"

"अर्धंच ऐकलं."

"कानांचाही नंबर काढून घ्या," बायको भिंगांची पेटी बंद करत म्हणाली.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून मोबाइलवाला वाकून आत आला. त्याने खुर्ची पाहिली, खुर्चीतला नंबरवाला पाहिला, त्याच्या नाकावरचं ते अवजड धूड पाहिलं, आणि स्वतःची चाळिशी कपाळावर सरकवून अगदी सावकाश म्हणाला, "हात आखूड पडायला लागले का, साहेब? लाजायचं काय त्यात?"

वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. नंबरवाल्याने निमूटपणे नवं यंत्र त्याच्याकडे सरकवलं. "घेऊन जा."

"फरक नाही दिसला?"

"दिसला," तो म्हणाला. "म्हणूनच."

मोबाइलवाला यंत्र उचलून, मान हलवून निघून गेला. फोनवर लेकीची बटणं खडखडत होती.

"बाबा, पाटी बदलली. वाच."

करडी अक्षरं पुसली गेली, नवी उमटली. "'बाबा'," त्याने वाचलं.

"बरोबर. आता खालची ओळ."

हे वाक्य त्याचं होतं. जन्मभर तो ते लोकांना भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणत आला होता. त्याने भिंगं नाकावर नीट केली. पाटीखाली आणखी बारीक अक्षरांत एक ओळ होती.

"'डावीकडे बघ'," त्याने वाचलं, आणि बघितलं.

ती तिथे उभी होती. धनुष्य ताणून, त्याच्याकडे पाठ करून, जिकडून बाण येतात तिकडे तोंड करून.

"दिसतेय का?" फोनमधून लेकीने विचारलं.

"दिसतेयस," तो म्हणाला.