पास झालेली माती

मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे मी शेतीच्या वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. शेतात नागमोडी चाला, ठिकठिकाणी वीतभर खोल खणा, सगळी माती एकत्र करून त्यातली पिशवीभर आणा. झाडाखालची नको, बांधालगतची नको, उकिरड्याशेजारची तर मुळीच नको. पोरं माना डोलावत होती. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

पिशव्या आल्या. एकाच्या आईने माती पिठाच्या चाळणीने चाळून, खडे निवडून पाठवली होती. एकाने कुंडीतली आणली, कारण ती "दिसायला बरी". एका दिवट्याने तर सरळ शेजाऱ्याच्या शेतातली उचलली होती.

"अरे, शेजाऱ्याची नाडी बघून तुला औषध देऊ का मी?" मी ओरडले.

"मॅडम, निकाल तुम्ही सगळ्या पालकांसमोर वाचणार ना? आमची माती नापास निघाली तर बाबा मला घरात घेतील का?"

म्हणजे मी ठेवली होती तपासणी आणि यांनी भरवली होती सौंदर्यस्पर्धा! सगळ्यांना पिशव्यांसकट घरी पिटाळलं.

राहिली वकिलीण. खरं तर वर्गातली सगळ्यात लहान चणीची मुलगी, पण वाद घालण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून हे नाव. तिला स्वतःची रोपवाटिका काढायची होती आणि त्यासाठी वडिलांची ओढ्याकडची सखल पट्टी हवी होती. प्रवेश घ्यायला आले तेव्हा वडील माझ्यासमोरच हसले होते. "तिथे गवतसुद्धा उगवत नाही. बरं, तुमच्या परीक्षेत ती माती पास झाली तर पट्टी हिची. नाहीतर मुकाट्याने मावशीच्या शिवणाच्या दुकानात बसायचं." वकिलिणीने तिथल्या तिथे मला साक्षीदार करून टाकलं.

तिची पिशवी मात्र वडील स्वतः घेऊन आले. "याच वाटेने चाललो होतो, म्हटलं देऊन जावं." एवढा ताठ माणूस लेकीसाठी हेलपाटा घालतो, याचं मला कौतुक वाटलं.

तपासणी केली आणि माझं डोकंच फिरलं. क्षार नावाला नाहीत, कस भरपूर, काळीभोर माती. अहो, त्या पट्टीवरून मी रोज स्कूटरने जाते! वर पांढरा पापुद्रा धरलाय क्षारांचा. ही माती तिथली असेल तर मी राजकन्या.

वकिलिणीला बोलावून निकाल पुढ्यात टाकला. "कुठल्या उकिरड्यातली आणलीस गं? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तिने निकाल वाचला, पुन्हा वाचला आणि ओठ चावून हसू दाबलं. "मी नाही आणली. पिशवी कोण घेऊन आलं होतं?"

माझी ट्यूब आत्ता पेटली. "अगं, पण त्यांना तर ती नापास व्हायला हवी होती!"

"हवी होती ना. पण चारचौघांत नको होती. तुम्ही वाचा मॅडम, 'या पिशवीतली माती' म्हणा. खोटं कुठे आहे त्यात?"

पालकसभेत मी वाचलं. या पिशवीतली माती वर्गात पहिली! टाळ्या पडल्या. वडील उठून उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला, आजूबाजूला बघून म्हणाले, "आमच्या घराण्याची जमीनच तशी."

"मग बाबा, पट्टी माझी ना?" मागून वकिलीण म्हणाली. "मॅडम साक्षीदार आहेत."

वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नाही म्हणावं तर शब्द फिरवल्यासारखं होणार, खरं सांगावं तर अख्ख्या गावासमोर नाक कापलं जाणार. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी एकदाचं तोंडातून निघालं, "दिली!" पुन्हा टाळ्या.

सभा पांगल्यावर मी पोरीला झापलंच. "जिंकलीस खरी, पण काय जिंकलीस? खारवट जमीन! चर खणावे लागतील, गोड्या पाण्याने धुवावी लागेल, दोन-तीन वर्षं तरी हातात काही यायचं नाही. एवढी हुशार तू, चांगली जमीन का नाही मागितलीस?"

तिने दप्तरातून दुसरी पिशवी काढून टेबलावर ठेवली. पट्टीची खरी माती, अगदी मी शिकवल्याप्रमाणे घेतलेली.

"चांगली दादाची आहे, मॅडम. तो जन्मला तेव्हापासून. त्याच्या मातीची परीक्षा कुणी घेतली नाही."

मी पिशवी उघडली आणि माती तपासायला घेतली.