धूमकेतूचा बिल्ला

"कोणत्या नावानं नोंदणी केलीय, काकू?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

'परतीचं यान' या रेडिओवरच्या जुन्या श्रुतिकेच्या चाहत्यांचा मेळावा होता. इथली रीत अशी, की बिल्ल्यावर पुढं ठळक अक्षरांत टोपणनाव, आणि खरं नाव मागच्या बाजूला, तेही वाटलं तर. टेबलावर तिसऱ्या रांगेत माझा बिल्ला होता. 'धूमकेतू'. मी हात पुढं केलाच होता, एवढ्यात शेजारून एक गृहस्थ डोकावले.

"धूमकेतू आला का हो? तिसऱ्यांदा विचारतोय, रागावू नका."

त्यांच्या छातीवर 'दुर्बीण' लिहिलेलं होतं. बारा वर्षं ज्यांना पत्रं लिहिली ते हे. समोरासमोर सगळं सांगून माफी मागायची, असं ठरवून घरून निघाले होते मी. आणि हात आपोआप मागं आला.

"मी... पहिल्यांदाच आलेय," मी म्हणाले. मुलीनं मला पिवळा बिल्ला दिला, 'नवीन पाहुणे'.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. डॉक्टरांच्या कोटांवर दोऱ्यानं नावं काढायची, कडक इस्त्री करायची. पत्रांत मात्र मी मालवाहू विमानाचा वैमानिक होते. सुरुवातीला नुसती गंमत. कोण मेलं तपासायला येतंय! त्यांनी 'मित्रा' असं लिहिलं, मी दुरुस्त केलं नाही. बरं, तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? त्यांची बायको गेली. 'जगावंसं वाटत नाही,' असं त्यांनी कळवलं. मी घाबरले आणि लिहून टाकलं, 'माझीही बायको अशीच गेली, मित्रा. दुसऱ्या वर्षी झोप लागायला लागते.' कसली बायको नि कसलं काय! माझा नवरा चांगला धडधाकट आहे. सकाळी डबा हातात देताना "पळ, तुझं यान चुकेल" म्हणून चिडवत होता.

नव्या पाहुण्यांना हिंडवायचं काम नेमकं दुर्बीण यांच्याकडेच होतं. आता काय म्हणावं!

"घाबरू नका ताई, इथं सगळे वेडेच आहेत. कप्तान शेवटी परत का येत नाही, ते सांगू? की ऐकायचा राहिलाय तो भाग?"

"सांगा की."

तो भाग मला तोंडपाठ होता. मी मान डोलावत राहिले.

चहाच्या वेळी त्यांनी पाकिटातून एक कागद काढला. अक्षर माझं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली.

"हे धूमकेतूचं पत्र. दुसऱ्या वर्षी झोप लागते म्हणाला. खरंच लागली हो, ताई. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं मी. पण त्यानं स्वतः भोगलंय ना."

मी कप खाली ठेवला. आता सांग, आता सांग, असं मी स्वतःला बजावत होते, पण जीभच उचलेना. सांगितलं तर त्यांची झोप पुन्हा उडेल, असं मनाशी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू? त्यांच्या झोपेचा विचार मला नंतर सुचला. आधी माझी अब्रू आठवली होती.

"आणि तो आलाच नाही तर?" मी विचारलं.

"येईल हो. वैमानिक माणूस, उशीर व्हायचाच. शब्दाचा पक्का आहे तो."

संध्याकाळी टेबल आवरायला घेतलं तेव्हा एकच बिल्ला उरला होता. दुर्बीण यांनी तो मागून घेतला. सगळे फोटोसाठी उभे राहिले. त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

"ताई, तुम्ही काढता का? पाहुण्यांना राबवतोय, पण इलाज नाही."

ते रांगेत जाऊन उभे राहिले. शेजारी एका माणसाची जागा त्यांनी मोकळी सोडली आणि तिथं खांद्याच्या उंचीवर तो बिल्ला धरला.

"अहो, सरका की जरा! जागा कशाला अडवलीय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"असू दे. त्याला फोटो पाठवायचाय. पुढच्या वर्षी लाजेकाजेस्तव तरी येईल."

सगळे हसले. मी फोन डोळ्यांसमोर धरला.

"ताई, सगळे येतायत ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"येतायत," मी म्हणाले आणि बटण दाबलं.