पंपाचा आवाज

उस्तादाने पिकअपची चावी अर्धी फिरवली आणि श्वास रोखून धरला. चावी अशी अर्धी फिरवली की टाकीतला पेट्रोलचा पंप दोन सेकंद घूंऽऽ करतो आणि थांबतो. आवाज आला तर पंप ठीक. नाही आला तर पंप मेला, नाहीतर त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही. उस्तादाने कान दिला. काही नाही. चावी मागे घेऊन पुन्हा फिरवली. काही नाही.

आता पंप गप्प होता की याचे कान गप्प होते, देव जाणे! कारण गेल्या दोन-अडीच वर्षांत उस्तादाचे कान हळूहळू कामातून गेले होते आणि ही गोष्ट त्याने जिवापाड लपवून ठेवली होती. लपवणारच की! त्याला लोक उस्ताद म्हणायचे ते मुळी कानामुळेच. गाडी फाटकातून आत शिरते न शिरते तोच हा आतून ओरडायचा, "पट्टा सैल झालाय तुझा!" अशा माणसाला ऐकू येत नाही हे नुसतं शेजारच्या टायरवाल्याला कळलं असतं, तरी संध्याकाळच्या आत गल्लीभर बोभाटा. मग गाडी आणणार कोण?

पिकअप होती वहिनीची. आधी थोरल्या भावाची. तो गेल्यावर वहिनी स्वतः चालवायला शिकली. इस्पितळाच्या चादरी धुलाईघरातून न्यायच्या-आणायच्या, हे त्याचं काम तिने हातचं जाऊ दिलं नाही. पण आठवडाभर गाडीने छळ मांडला होता. सात-आठ किलोमीटर शहाण्यासारखी जायची, मग आचके देत बंद. अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू. दोनदा चादरी उशिरा पोचल्या. तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी गाडी बघतो, असं इस्पितळाच्या मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं. आज दोनच्या ठोक्याला पोचायचं होतं.

वहिनी समोरच्या बाकावर बसली होती, म्हणजे बसत कमी आणि उठत जास्त होती. चादरींचे गठ्ठे मागे भरूनच ती सकाळी गॅरेजवर आली होती.

उस्तादाने टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते पाहिलं, झाकण तसंच लावलं. फ्यूज पाहिले, ठीक. पंपाच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. चावी फिरवताच दिवा दोन सेकंद लागला.

"करंट पोचतोय आणि पंप हूं की चूं करत नाही. पंपच गेला," तो ठासून म्हणाला. मनातून तो इतका ठाम नव्हता. पण दिवा डोळ्यांना दिसतो, आणि डोळ्यांवर त्याचा अजून विश्वास होता.

टाकी उतरवण्यात, नवा पंप बसवण्यात तीन तास गेले. घामाघूम झाला बिचारा. मग स्टार्टर मारला आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू!

"बघा!" उस्ताद म्हणाला. तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. तोही गाडीत चढला.

सहा किलोमीटर गेले. सातवा गेला. वहिनीने सुटकेचा श्वास टाकला, आणि गाडीने आचका दिला. दुसरा. तिसरा. वहिनीने कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन बंद पडलं. सव्वाएक वाजला होता.

उस्ताद टुणकन खाली उतरला. "चावी अर्धी फिरवा!" त्याने टाकीकडे कान केला. काही नाही. "मेला! नवाकोरा पंप आणि तोही मेला! दुकानदाराने मला येडा समजलंय का?" तो बोनेट उघडून वायरींमध्ये घुसला. हा प्लग काढ, तो लाव, रिले उपट, परत खोच.

वहिनी खाली उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "भावजी, पंप वाजतोय की."

"काहीतरीच! रस्त्याचा आवाज असेल."

"रस्त्यावर एक गाडी नाही."

खरंच नव्हती. उस्तादाने वहिनीला पुन्हा गाडीत बसायला लावलं. "परत फिरवा," तो म्हणाला, आणि वाकून त्याने टाकीवर पंजा टेकवला. तळव्याखाली पत्रा दोन सेकंद थरथरला आणि थांबला. पंप धडधाकट होता. जुना पंपही तसाच धडधाकट असणार! तीन तास त्याने चांगली टाकी उतरवली, चांगला पंप फेकला.

वहिनीने उतरून पेट्रोल बघायला झाकण फिरवलं आणि दचकून हात मागे घेतला. "बाई गं, केवढ्याने फुसकारते ही! सकाळी तुम्ही उघडलीत तेव्हाही अशीच. मला वाटलं, तशीच असते."

झाकण उघडताना टाकीने एवढ्या जोराने हवा आत ओढली, म्हणजे आत हवा जायची वाट बंद. पेट्रोल संपत जाणार, हवा येणार नाही, मग पंपाने ओढायचं तरी काय? उस्तादाने झाकण हातात घेऊन उलटं केलं. आतल्या रबराखाली जाड प्लास्टिकची एक गोल चकती नीट कापून बसवलेली होती. हवेचं भोक तिने गच्च बुजवलं होतं.

"ती मी घातली," वहिनी म्हणाली. "चादरींना पेट्रोलचा वास येतो म्हणून ओरडा बसला होता. त्यामुळे होतंय का हे? अरे देवा! माझ्याच खुळेपणापायी तुम्हाला एवढा त्रास."

झालं! सगळं खापर तिने आपण होऊन स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. उस्तादाने नुसतं "जाऊ द्या" म्हटलं असतं, तरी त्याची झाकली मूठ तशीच राहिली असती. त्याने तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच.

"खुळेपणा तुमचा नाही," तो म्हणाला. "टाकी फुसकारली तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला ऐकू आलं नाही, वहिनी. पंपाचा आवाजही आला नाही. दोन वर्षं झाली, मला नीट ऐकूच येत नाही."

वहिनी एक पाऊल पुढे आली. "मग मी मारलेल्या हाका?"

"कसल्या हाका?"

"जेवायला चला म्हणून. अंगणातून, मागून, रोज. तुम्ही सरळ निघून जायचात. मला वाटायचं, तुमचा भाऊ गेला त्याचा राग माझ्यावर काढताय. म्हणून गेल्या वर्षापासून मी हाक मारणंच सोडलं."

उस्तादाने चकती उपटून खिशात टाकली, झाकण लावलं. वहिनीने पदराने डोळे पुसले, आत बसून स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं. ती खिडकीतून काहीतरी म्हणाली.

एरवी अशा वेळी तो हसून मान हलवायचा आणि वेळ मारून न्यायचा.

"परत सांगा, वहिनी!" तो भर रस्त्यात ओरडला. "ऐकू आलं नाही!"

तिने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "म्हटलं, चला, भावजी! उशीर होतोय!"